चेहऱ्यावर उमटलेला डोंगर

चांदीचे एक लहानसे नाणे. व्यास दीड सेंटिमीटरच्या आसपास, वजन दोन ग्रॅमच्या आगेमागे. मधोमध तीन कमानी, खाली दोन आणि वर एक. पायथ्याशी नागमोडी रेघ. भोवती ब्राह्मी अक्षरे: 'रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस'. म्हणजे गौतमीपुत्र श्री सातकर्णी राजाचे. इथवर सगळे सरळ आहे. पण नाणे जरा तिरके धरून उजेड एका बाजूने पडू दिला, की कमानींच्या मागून एक नाक पुढे येते. मग ओठ, हनुवटी, मानेवरच्या केसांची कड. कमानींच्या आतून आणि बाजूंनी कोणीतरी उजवीकडे बघत असते. तो सातकर्णी नाही. तो क्षहरात घराण्यातला नहपान, ज्याला सातकर्णीने हरवले.

भारतीय नाण्यांत याहून देखणी नाणी पुष्कळ आहेत. वीणा वाजवणारा समुद्रगुप्त ज्यावर आहे ते सोन्याचे नाणे पाहिले की डोळे निवतात. शिवरायांच्या होनाची तर गोष्टच वेगळी. तो बघताना मान आपोआप लवते. पण वाचत बसावे आणि दर वेळी नवी ओळ लागावी, असे नाणे मला हेच वाटते. या एका चकतीवर दोन राजे, दोन टाकसाळी आणि तीन लिप्या आहेत. एकावर एक. वरच्याने खालच्याला झाकले, पण पुरते झाकले नाही.

ही नाणी आपल्याला भेटली ती १९०६ साली. नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जोगळटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. त्यातली १३,२५० हून अधिक नाणी अभ्यासकांच्या हाती आली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास करून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. सगळी नाणी मुळात नहपानाची. त्यांतल्या ९,२७० च्या वर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला, उरलेली चारेक हजार जशीच्या तशी. ढोबळ हिशेब केला तर पंचवीस-सव्वीस किलो चांदी एका ठिकाणी पुरलेली होती. त्याआधी नाशिकच्या लेण्यांतले शिलालेख वाचून अभ्यासकांना एवढे ठाऊक होते, की गौतमीपुत्राने क्षहरातांचा समूळ नाश केला असा दावा त्याच्या आईच्या लेखात आहे. राजघराण्यातला स्तुतिलेख म्हटला की वाचणारा थोडे हातचे राखून वाचतो. जोगळटेंभीने हातचे राखण्याजोगे काही ठेवले नाही. पराभूताची चांदी विजेत्याच्या हातात आली, त्याचा पुरावा नऊ हजार वेळा समोर आला.

आधी खालचा थर वाचू, कारण वरच्याची गंमत त्याशिवाय कळत नाही.

नहपानाचे न छापलेले, मूळचे नाणे घेतले तर पुढच्या बाजूला त्याचा चेहरा आहे. डोक्याला पट्टी, नजर उजवीकडे. कडेने ग्रीक लिपीतली अक्षरे फिरतात; पण भाषा ग्रीक नाही, तिथे प्राकृतच ग्रीक अक्षरांत बसवले आहे. मागच्या बाजूला बाण आणि वज्र शेजारी शेजारी उभे, आणि भोवती तीच ओळ आणखी दोन लिप्यांत: ब्राह्मीत 'राज्ञो क्षहरातस नहपानस' आणि खरोष्ठीत 'रञो छहरातस नहपानस'. एकच वाक्य, तीन लिप्या. ग्रीक लिपी जुन्या यवन राजांच्या द्रम्मांची आठवण म्हणून आली. खरोष्ठी वायव्येकडची, क्षत्रप घराणी जिकडून खाली उतरली तिकडची. ब्राह्मी इथली. एवढ्याशा जागेत तीन लिप्या बसवणाऱ्या कारागिरापुढे मी मनोमन हात जोडतो. आपण कुठून आलो, कोणाची जागा घेतली आणि कोणावर राज्य करतो, हे सारे नहपानाने भोवतालच्या पट्टीत सांगून टाकले आहे.

आणि त्याने काय सांगितले नाही, तेही पाहण्यासारखे आहे. नाण्यावर तो स्वतःला क्षत्रप म्हणवत नाही, राजा म्हणवतो. क्षत्रप म्हणजे कोणाचा तरी सुभेदार. जुन्नरच्या मानमोडीच्या लेण्यात त्याचा अमात्य अयम याने कोरून घेतलेल्या लेखात, वर्ष ४६ च्या, तो महाक्षत्रप आहे. डोंगरातल्या लेखात अमात्याने पदवी लिहिली. बाजारात हातोहात फिरणाऱ्या चांदीवर मात्र नुसता राजा. नाण्यावर साल नाही. त्यामुळे त्याचा काळ ठरवताना अभ्यासकांत मोठे वाद झाले. लेखांतली ४१ ते ४६ ही वर्षे शकाची मानली, तर तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात येतो. अलीकडचे बहुतेक नाणेतज्ज्ञ त्याला पहिल्या शतकात नेतात. मला हा दुसरा पक्ष अधिक पटतो, कारण पेरिप्लस या ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या वर्णनग्रंथात, जो पहिल्या शतकातला धरला जातो, भडोचच्या मुलखाचा राजा म्हणून जे नाव येते ते नहपानाचेच असावे असे दिसते.

चेहऱ्यांबद्दल स्कॉट यांनी एक गोष्ट टिपली, ती फार वेधक आहे. हजारो नाणी शेजारी शेजारी मांडल्यावर त्यांना दिसले, की हा एकच माणूस वाटत नाही. कुठे तरुण, कुठे म्हातारा. कुठे नाक सरळ, कुठे बाकदार. कुठे गाल भरलेले, कुठे खोल गेलेले. नाव सगळीकडे नहपानाचेच. घराण्यातल्या निरनिराळ्या माणसांचे हे चेहरे असावेत, असा त्यांचा तर्क होता. पुढच्या अभ्यासकांपैकी काहींनी म्हटले, ठसा कोरणाऱ्यांसमोर रोमन नाणी होती आणि ते त्यांवरून चेहरे उचलत होते. मला वाटते, राज्य लांबले की टाकसाळीत माणसे बदलतात, हात बदलतात. नव्या कारागिराने राजाला कधी पाहिलेलेही नसते, तो जुना ठसा बघून नवा कोरतो. अशा दहा नकला झाल्या की चेहरा राजाचा राहत नाही, 'राजा' या कल्पनेचा होतो. जोगळटेंभीच्या साठ्यात ही घसरण पायरीपायरीने बघता येते. नहपान नावाचा माणूस त्या नाण्यांतून हळूहळू निघून जातो आणि मागे डोक्याला पट्टी बांधलेला एक अधिकार उरतो. सातकर्णीने छाप मारला तो या अधिकारावर.

ही चांदी आली कुठून? पेरिप्लसमध्ये याचे उत्तर आहे. भडोच बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी येत आणि इथल्या पैशात बदलून घेताना नफा राही. राजासाठी चांदीची महाग भांडी येत. जुन्या यवन राजांचे, मिनँडर आणि अपोलोडोटस यांचे द्रम्म अजून तिथे चालत होते, हेही त्या लेखकाने आवर्जून नोंदवले आहे. आणि कल्याणबद्दल एक वाक्य आहे, जे आम्हा घाटमाथ्यावरच्यांनी लक्षात ठेवावे: पूर्वी कल्याण हे रीतसर व्यापाराचे बंदर होते, आता तिथे चुकून ग्रीक जहाज आले तर पहारा देऊन त्याला भडोचला नेतात. म्हणजे सातवाहनांचे, गौतमीपुत्राच्या घराण्याचे, बंदर कोंडून धरले होते. चांदीची आवक एका बाजूला वळवली होती. गौतमीपुत्राची लढाई बंदरांसाठी आणि घाटांसाठीही होती, हे त्यावरून कळते.

घाटांची गोष्ट निघाली की मला आमचा मुलूख डोळ्यांपुढे येतो. भुशीचे धरण लोकांना पावसाळ्यातल्या पायऱ्यांवरच्या पाण्यासाठी ठाऊक आहे. शनिवार-रविवारी लोणावळ्यापासून गाड्यांची रांग लागते. पण भुशी ओलांडून पुढे गेले की कुरवंडे येते, आणि कुरवंड्याची जुनी घाटवाट खाली कोकणात, उंबरखिंडीकडे उतरते. जवळच बोरघाट. मागे वळून पाहिले तर भुशीचे पाणी घेऊन निघालेली इंद्रायणी पूर्वेला मळवलीकडे जाते आणि तिच्या दोन अंगांना दोन डोंगर उभे: उत्तरेला कार्ले, दक्षिणेला भाजे. सह्याद्रीतली लेणी घाटवाटांच्या माथ्यावर का असतात, याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. खाली बंदरे, वर बाजारपेठा, मधे दमून चढलेले तांडे. लेण्यांत मुक्काम, पाणी, आणि देणगी द्यायची झाली तर घ्यायला भिक्खूसंघ. कार्ल्याच्या चैत्यातले खांब दिले ते धेनुकाकटाच्या यवनांनी, व्यापाऱ्यांनी. खुद्द चैत्यगृह दिले ते वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठने. दगडात पैसा ओतला गेला, तो असा वाटेवरून आला होता.

पैसा म्हणजे नेमका किती, त्याने काय होत असे, हे कळायला नाशिकचे दहावे लेणे गाठावे लागते. तिथे नहपानाचा जावई उषवदात, दिनीकाचा मुलगा, नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिचा नवरा, आपली दाने मोजून सांगतो. वर्ष ४२ च्या लेखात तो म्हणतो की लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी ३,००० कार्षापण कायमचे ठेवले आहेत. गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० दिले, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या विणकरश्रेणीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम मोडायची नाही, व्याजच खायचे. पहिल्या रकमेतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी. कागद घेऊन हिशेब करा: २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०, वीस जणांना बारा-बारा, २४०. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. हे आकडे कोणी शोभेला घातलेले नाहीत. कोणीतरी बसून जुळवले आहेत. याच उषवदाताने देवांना आणि ब्राह्मणांना ७०,००० कार्षापण दिले, पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण या भावाने २,००० सुवर्ण. तोही गुणाकार बरोबर येतो.

हे कार्षापण म्हणजे नहपानाची हीच चांदीची नाणी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तसे मानले की हातातले नाणे बदलते. ते आता नुसते राजाचे चित्र राहत नाही. भिक्खूला वर्षभराच्या कापडासाठी अशी बारा मिळत. आणि ती जमवून देण्यासाठी विणकरांचे माग वर्षभर चालत, कारण व्याज त्यांनी भरायचे असे.

जैन परंपरेत, आवश्यकसूत्रावरच्या जुन्या टीकावाङ्मयात, एक कथा आहे. भडोचचा राजा नहवाहन खजिन्याने बळकट होता, पैठणचा शालिवाहन सैन्याने. शालिवाहन दर वर्षी वेढा घालायचा आणि हात हलवत परत जायचा, कारण नहवाहन शत्रूचे शिर आणून देणाऱ्याला भरभरून पैसे द्यायचा. शेवटी शालिवाहनाने आपला मंत्री कपटाने त्याच्याकडे धाडला. मंत्र्याने राजाला दानधर्माची गोडी लावली. देवळे, तळी, विहिरी यांत खजिना संपला, आणि पुढच्या वेढ्याला भडोच पडले. ही कथा इतिहास म्हणून कोणी वाचू नये. पण नाशिकच्या भिंतीवरची उषवदाताची दानांची यादी, घाट, धर्मशाळा, नदीवरच्या फुकट होड्या, विहिरी, नारळाची ८,००० झाडे, वाचून झाल्यावर ती कथा ऐकली, की लोकांच्या आठवणीत त्या राज्याबद्दल काय शिल्लक राहिले ते कळते. चांदी पुष्कळ होती आणि ती हातची सुटत होती.

आता वरचा थर.

गौतमीपुत्राच्या हाती ही नाणी आली तेव्हा त्याच्यापुढे सोपा मार्ग होता: वितळवायची आणि स्वतःची पाडायची. त्याने तसे केले नाही. नहपानाचे नाणे तसेच ऐरणीवरच्या ठशावर ठेवले, वरून दुसरा ठसा धरला आणि हातोडा घातला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि त्याचे नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह: एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेघा आणि चारही टोकांना वर्तुळे. नाणे कसे ठेवले, सरळ की उलटे, याकडे कोणी बघितलेले दिसत नाही. म्हणून प्रत्येक नाण्यावर दोन छापांची गाठ वेगळी पडते. एकावर डोंगर नहपानाच्या गालावर बसतो, दुसऱ्यावर कपाळावर. एकावर उज्जैन चिन्हाच्या वर्तुळाशेजारी वज्राचे टोक डोकावते. कुठे ब्राह्मी 'सातकणिस' च्या मधे ग्रीक अक्षर घुसून बसते. हजारो नाणी, आणि दोन सारखी नाहीत. ज्याला संग्रहालयातल्या काचेआड एकच नाणे बघायला मिळते त्याला हे कळत नाही. स्कॉट यांच्यापुढे सगळा साठा होता, ते खरोखर भाग्यवान.

कारण व्यावहारिक होते, हे उघड आहे. वितळवले की थोडी चांदी जाते, शुद्धता पुन्हा तपासावी लागते, चकत्या नव्याने पाडाव्या लागतात. इथे वजन ठरलेले, चांदी बाजाराने पारखलेली, आणि काम हातोड्याच्या दोन घावांचे. राज्य नुकतेच हाती आले आहे, सैन्याचे पगार द्यायचे आहेत. सातवाहनांची आपली नाणी बहुतांशी शिशाची, तांब्याची आणि मिश्रधातूची होती. मोठ्या प्रमाणावर चांदी पाडण्याची घडी त्यांच्या टाकसाळीला तेव्हा नव्हती. साठ्यातली चारेक हजार नाणी छापाविना आहेत आणि तीही छापलेल्यांत मिसळून पुरलेली आहेत. याचा अर्थ मला असा दिसतो, की लोक दोन्ही घेत होते. छाप नसला तरी चांदी चांदीच होती.

पण कारण व्यावहारिक आहे म्हणून नाण्याचा अर्थ तेवढ्यावर संपत नाही. वर काय छापले आहे ते नीट पाहू. ज्या नाण्यावर राजाचा चेहरा आहे, त्या नाण्यावर नवा राजा आपला चेहरा छापत नाही. तो डोंगर छापतो. आणि नावात आईला पुढे करतो: गोतमिपुतस, गौतमीच्या मुलाचे. चेहरा सांगतो 'मी'. हा नवा छाप सांगतो की मी हिचा मुलगा, आणि हा माझा मुलूख. त्या आईनेही मुलाचे ऋण फेडले आहे. गौतमी बलश्रीने नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षी, मुलाची कीर्ती कोरून घेतली. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, तो हा, असे ती सांगते. सह्य, विंध्य, मलय अशा डोंगरांची यादीच तिने दिली आहे, ज्यांचा तो स्वामी होता. नाण्यावरच्या तीन कमानींना कोणी चैत्य म्हणोत, कोणी मेरू. बलश्रीची ती डोंगरांची यादी वाचल्यावर मला तरी तिथे डोंगरच दिसतो, आणि पायथ्याच्या रेघेत नदी.

जे चांदीवर केले, तेच त्याने जमिनीवर केले. आणि याचा पुरावा आमच्या मावळात आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीच्या भिंतीवर, एकविरेच्या देवळापासून चार पावलांवर, उषवदाताचा एक लेख आहे. वलूरक लेण्यांत, म्हणजे कार्ल्याला, वर्षावासाला राहणाऱ्या चारी दिशांच्या भिक्खूसंघाच्या निर्वाहासाठी त्याने करजिक हे गाव दिले. त्याच ओसरीत दुसरा लेख आहे, राजाज्ञेचा. राजाचे नाव जिथे असावे तिथे दगड खराब झाला आहे, पण ती आज्ञा गौतमीपुत्राची हे बहुतेकांना मान्य आहे. ती मामाल इथल्या अमात्याला उद्देशून आहे. हे मामाल म्हणजे आपले मावळ, आणि मावळाचे नाव दगडावर इतके जुने दुसरीकडे मिळणे कठीण. आज्ञा अशी: मामालाहारात, उत्तर मार्गावर असलेले करजक गाव वलूरक लेण्यांतल्या महासांघिक भिक्खूंना देत आहोत. गाव तेच. लेणी तीच. पुढे सवलतीही नीट लिहिल्या आहेत: सैनिकांनी आत शिरू नये, कोणी हात लावू नये, मिठासाठी खोदू नये, मुलकी अधिकाऱ्याने ढवळाढवळ करू नये.

दोन्ही लेख एकापाठोपाठ वाचले की जोगळटेंभीचे नाणे समोर उभे राहते. शत्रूच्या जावयाने दिलेले गाव काढून घेतले नाही. आपला छाप मारून पुन्हा त्याच दाराशी ठेवले. खालचा लेखही पुसला नाही. ज्याला पुसायचे असते त्याला छिन्नीचे चार घाव पुरतात, आणि कार्ल्याची ओसरी काही इतकी मोठी नाही की नजरचुकीने राहून जावे. तरीही उषवदात तिथे आहे, नहपानाचे नाव घेऊन आहे. एकच बारीक फरक झाला, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. उषवदाताचे दान चारी दिशांच्या संघाला होते, आज्ञेतले दान महासांघिकांना. नव्या ठशाने जुन्या रेषा थोड्या दाबल्या, थोड्या सरकवल्या.

नाशिकला हीच गोष्ट आणखी उघड आहे. राज्यवर्ष १८ मध्ये, विजयी सैन्याच्या तळावरून, गौतमीपुत्र गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला कळवतो, की पश्चिम कखडी गावातले २०० निवर्तने शेत, जे आजवर उषवदाताकडे होते, ते आम्ही भिक्खूंना देतो. इथे तर जुन्या मालकाचे नाव आज्ञेतच घेतले आहे. पण वर्ष २४ मध्ये दुसरा हुकूम निघतो, राजाच्या आणि राजमातेच्या नावाने, नव्या अमात्याला: कखडी गाव वसलेले नाही, ते शेत कसले जात नाही, तेव्हा त्याऐवजी आमच्या राखीव जमिनीतले १०० निवर्तने द्या. लढाईने गाव उठले होते की दुसरे काही झाले होते, लेख बोलत नाही. चांदीवर छाप मारला की ती त्याच दिवशी बाजारात चालते. जमिनीवर मारलेला छाप चालायला तिथे नांगर धरणारा माणूस लागतो. राजाला आणि त्याच्या आईला हे सहा वर्षांनी मान्य करावे लागले आणि त्यांनी ते दगडावर मान्य केले, याबद्दल मला त्या दोघांविषयी आदर वाटतो.

या नाण्याचे खरे कवतुक मात्र पुढच्या पिढ्यांत आहे. गौतमीपुत्राच्या वंशजांनी चांदी पाडायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी काय केले? वासिष्ठीपुत्र पुळुमावी, पुढे यज्ञ सातकर्णी, या सर्वांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचा चेहरा आहे. उजवीकडे बघणारा, नहपानाच्या नाण्यावर होता तसा. ज्या चेहऱ्यावर पूर्वजाने हातोडा घातला होता, ती चेहऱ्याची रीत वंशजांनी उचलली. मागच्या बाजूला डोंगर आणि उज्जैन चिन्ह शेजारी शेजारी, आणि दोन बाजूंना दोन भाषांत मजकूर: एकीकडे प्राकृत, दुसरीकडे द्राविडी वळणाची भाषा. नहपानाच्या तीन लिप्यांचा धडा इथे असा गिरवला गेला. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा आतल्या ठेव्यात यज्ञ सातकर्णीचे असेच एक चांदीचे नाणे मिळाले.

आणि पलीकडे? नहपानानंतर क्षत्रपांचे दुसरे घराणे आले, चष्टनाचे. त्याने गेलेला बराच मुलूख सातवाहनांकडून परत घेतला. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर पुढे चेहरा आहेच. मागे मात्र वज्र आणि बाण नाहीत. तिथे तीन कमानींचा डोंगर आहे, सोबत चंद्र आणि तारा, पायथ्याशी नागमोडी रेघ. ज्या डोंगराखाली नहपानाचा चेहरा दाबला गेला होता, तोच डोंगर क्षत्रपांनी आपला करून घेतला. ही देवाणघेवाण कोणी ठरवून केली नसेल. बाजारात वर्षानुवर्षे फिरणाऱ्या त्या दुहेरी नाण्यांनी लोकांना चेहरा आणि डोंगर एकत्र बघायची सवय लावली, आणि नाणे म्हणजे एका बाजूला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला डोंगर, अशी पश्चिम भारताची समजूत झाली, असे मी मानतो. समजूत एकदा पक्की झाली की तिला राजाही मोडायला जात नाही. नाणे कोणी घेतले नाही तर राज्य कशावर चालवणार?

पश्चिम क्षत्रपांनी तो डोंगर सुमारे तीन शतके चालवला. ठसे खालावत गेले, ग्रीक अक्षरांची नुसती रेघोटी उरली, वाचणारा कोणी राहिला नाही तरी ती पुढच्या बाजूला राजाच्या डोक्याभोवती कोरली जात राहिली. चौथ्या शतकाच्या शेवटी-पाचव्याच्या सुरुवातीला दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचे राज्य जिंकले. त्याने याच आकाराची, याच वजनाची चांदीची नाणी पाडली, पुढे तसाच चेहरा ठेवला, मागचा डोंगर तेवढा काढला आणि तिथे गरुड बसवला.